बाटलीचा बांधा

खोबरेल तेल म्हटले की पत्र्याचा डबा, हे समीकरण भारतीय बाजारपेठेत कित्येक दशके पक्के होते. १९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजमधील हर्ष मारीवाला यांनी ‘पॅराशूट’ तेल पत्र्याच्या डब्यातून काढून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावयाचे ठरविले, तेव्हा कागदावरचा हिशेब त्यांच्या बाजूने होता. प्लॅस्टिक पत्र्यापेक्षा स्वस्त पडत होते, गंजत नव्हते आणि फळीवर अधिक उठून दिसत होते. तरीही किरकोळ दुकानदार माल ठेवून घेण्यास तयार होईनात. चौकशी करता त्यांच्या नकारामागचे कारण निघाले, ते म्हणजे उंदीर.

त्याच्या काही वर्षे आधी कोणा उत्पादकाने खोबरेल तेल चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटलीत आणून पाहिले होते. खोबरेलाच्या वासाला उंदीर भुलतो, हे किराणा दुकानात वाढलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यावर उंदराला दात रोवता येत, बाटली कुरतडली जाई आणि तेल ओघळून आसपासचा माल नासे. नुकसान एका बाटलीवर थांबत नसे. दुकानदार ही गोष्ट विसरला नव्हता. तेव्हा मारीवाला यांनी बाटली गोल करविली, कारण गुळगुळीत वाटोळ्या अंगावर दातांना पकड मिळत नाही. तोंडाशी तेल झिरपू नये, म्हणजे वासच सुटू नये, याचीही काळजी घेतली. मग तेलाने भरलेल्या बाटल्या उंदरांसह पिंजऱ्यात ठेवून पाहिल्या. बाटल्या शाबूत राहिल्या आणि तो दाखला घेऊन दुकानदारांची समजूत घालण्यात आली. पत्र्याकडून प्लॅस्टिककडे होणारे स्थित्यंतर त्यानंतर मार्गी लागले.

वेष्टनाची चर्चा निघाली की व्यापारी कुटुंबांत बहुधा नाव, रंग, चित्र आणि जाहिरात यांविषयी बोलणे होते. बाटलीचा बांधा ही ‘साचेवाल्याने दाखविलेल्या चार नमुन्यांतून एक निवडावयाची’ गोष्ट समजली जाते. वास्तविक त्या बांध्याला अनेक हातांतून जावे लागते. भरणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यावर ती डुलता कामा नये, खोक्यात तिने जागा खाता कामा नये, हमालाने खोके टाकले तरी तिने सोसले पाहिजे, दुकानदाराच्या फळीवर ती एकावर एक रचता आली पाहिजे आणि शेवटी ओल्या, तेलकट किंवा थरथरत्या हातातून ती निसटता कामा नये. यांतील प्रत्येकाची मागणी वेगळी असते आणि पुष्कळदा ती दुसऱ्याच्या विरुद्ध जाते.

गोल आणि चौकोनी यांचाच वाद पाहावा. तितक्याच घेरात सर्वांत अधिक जागा सामावून घेणारी आकृती म्हणजे वर्तुळ. म्हणून गोल बाटलीला तेवढ्याच मालासाठी प्लॅस्टिक कमी लागते. शिवाय फुगवून केलेल्या बाटलीत कोपऱ्यापर्यंत पोचताना प्लॅस्टिक ताणले जाते आणि तेथे भिंत सर्वांत पातळ होते. उंदराने नेमका कोपरा निवडावा यात नवल नाही. पण हीच गोल बाटली खोक्यात ठेवली की हिशेब उलटतो. चौरस खणात गोल बाटली बसविली, तर खणाच्या तळाचा सुमारे २१ टक्के भाग रिकामा राहतो. म्हणजे पाच ट्रक माल पाठविणारा व्यापारी जवळजवळ एका ट्रकचे भाडे हवेसाठी मोजतो. कडा हलकेच गोलावलेली चौकोनी बाटली, चपटी लंबगोल बाटली हे सारे उंदीर आणि ट्रक यांच्यामध्ये काढलेले तडजोडीचे मार्ग आहेत.

बाटली तयार होते कशी, हेही एकदा पाहण्यासारखे आहे. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीसाठी वितळलेल्या प्लॅस्टिकची पोकळ नळी वरून लोंबत सोडतात, साच्याचे दोन अर्धे भाग तिच्यावर मिटतात आणि आत हवा फुंकली की नळी फुगून साच्याच्या भिंतीला जाऊन भिडते. बाटलीच्या दोन्ही बाजूंना उभी बारीक रेघ दिसते, ती या दोन अर्ध्यांच्या जोडाची खूण. पाण्याची वा सरबताची पारदर्शक बाटली थोड्या वेगळ्या रीतीने होते. आधी परीक्षानळीसारखा एक जाड तुकडा ओततात. त्याची मान आणि झाकणाचे आटे तेव्हाच पूर्ण तयार असतात. पुढे तो तापवून, सळईने लांबवून, फुगवितात. म्हणूनच अशा बाटल्यांचे अंग हवे तसे बदलता येते, मान मात्र ठरावीक मापांतच मिळते. या जातीच्या बाटलीचा शोध ड्यूपाँ कंपनीतील नॅथॅनिएल वायथ यांचा. १९७३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. प्रख्यात चित्रकार अँड्र्यू वायथ यांचे ते बंधू. एका भावाची चित्रे संग्रहालयांत जपली जातात आणि दुसऱ्याच्या कल्पनेची अपत्ये रेल्वेच्या रुळांलगत पडलेली दिसतात, हा योगायोग जरा उदास करणारा आहे.

पाण्याच्या बाटलीवरील आडव्या खाचा शोभेसाठी आहेत असे अनेकांना वाटते. भिंत पातळ ठेवून कच्चा माल वाचवायचा, तर तिला बळकटी कोठून तरी द्यावी लागते. पत्र्याच्या छपराला नागमोडी वळणे ज्या कारणाने देतात, त्याच कारणाने या खाचा येतात. गरम असताना भरलेला फळांचा रस थंड झाल्यावर आकसतो व बाटलीला आत ओढतो; म्हणून तिच्या बाजूंना चौकटीसारखे सपाट पट्टे असतात, जे ठरवून थोडेसे आत दबतात. फसफसणाऱ्या पेयाच्या बाटलीच्या बुडाला पाच पाकळ्या असतात, कारण आतल्या दाबाने सपाट बूड बाहेर फुगून बाटली डळमळली असती.

आता पैशाकडे वळावे. साचेवाल्याकडे तयार असलेल्या सर्वसाधारण साच्यातून बाटल्या घेतल्या, तर भांडवल अडकत नाही. पण तीच बाटली शेजारच्या गल्लीतील प्रतिस्पर्ध्यालाही मिळते. स्वतःचा आकार हवा, तर स्वतःचा साचा करावा लागतो आणि मोठ्या उत्पादनाचा पोलादी साचा लाखांच्या घरात जातो. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने हा साचा विचित्र प्रकारचे तारण आहे. धंदा चालू असेतोवर तो अमूल्य असतो आणि धंदा बसला की भंगाराच्या भावाने जातो, कारण दुसऱ्याच्या नावाने बाजारात ओळखली गेलेली बाटली कोणी विकत घेत नाही. आयकराच्या नियमांत प्लॅस्टिक व रबरी मालाच्या कारखान्यातील साच्यांना ३० टक्के घसारा मिळत आला आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के. म्हणजे साच्याचे पुस्तकी मूल्य चार वर्षांत एक चतुर्थांशापेक्षाही खाली येते. नेमक्या त्याच चार वर्षांत गिऱ्हाईक तो आकार ओळखू लागलेले असते. परंतु लेखा मानक २६ नुसार स्वतः निर्माण केलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. पोलाद झिजत जाते ते पुस्तकात दिसते आणि ओळख वाढत जाते तिला पुस्तकात रकानाच नसतो. तरुण पिढी नव्या साच्यासाठी पैसे मागते आणि वडीलधारी मंडळी ताळेबंद पुढे करतात, तेव्हा दोघांच्याही हाती अर्धाच हिशेब असतो.

या अदृश्य रकान्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट या गावचे आहे. १९१५ साली कोका-कोला कंपनी नक्कल करणाऱ्यांमुळे हैराण झाली होती. ‘कोका-नोला’, ‘टोका-कोला’ अशा नावांची पेये सरळ अंगाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांतून विकली जात. दुकानदार बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवीत. कागदी चिठ्ठी भिजून सुटे आणि मग कोणती बाटली कोणाची, हे समजेनासे होई. कंपनीने अनेक काचकारखान्यांना आवाहन केले : अंधारात नुसती हाताने चाचपली तरी ओळखता यावी आणि फुटून जमिनीवर पडली असली तरी तुकड्यांवरून ओळखता यावी, अशी बाटली हवी. आवाहन इतके नेमके असेल, तर निम्मे काम मागणाऱ्यानेच केलेले असते.

टेरे हॉटच्या रूट ग्लास कंपनीत हे काम अर्ल डीन या साचे-आरेखकाकडे आले. पेयाच्या नावातील कोका आणि कोला या वनस्पतींचे चित्र मिळाले तर काही सुचेल, म्हणून तो कारखान्याच्या हिशेबतपासनिसाला बरोबर घेऊन गावातल्या वाचनालयात गेला. हिशेबतपासनीस रेखाटनाच्या कामाला गेला, ही त्या विषयात आयुष्य घालविलेल्यांना सुखावणारी गोष्ट आहे. तेथे ज्ञानकोश चाळताना त्यांना चित्र सापडले ते कोकोच्या शेंगेचे. लांबट, मध्ये फुगीर आणि उभ्या खाचा असलेले. कोकोपासून चॉकलेट होते. या पेयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण आकार हाती लागला होता. उन्हाळ्याच्या दुरुस्तीसाठी भट्टी बंद होण्यापूर्वी डीनने घाईघाईने साचा करून काही बाटल्या काढल्या. पहिला नमुना मध्ये इतका फुगीर होता की तळापेक्षा पोट मोठे झाले आणि यंत्राच्या पट्ट्यावर बाटली कलंडू लागली. मग पोट आत घेतले. जगाने ज्या कमनीय बांध्याचे कौतुक केले, तो असा भरणाऱ्या यंत्राने घडविलेला आहे.

पेटंट निघाले १६ नोव्हेंबर १९१५ रोजी आणि त्यावर नाव होते कारखान्याचे अधीक्षक अलेक्झांडर सॅम्युएलसन यांचे. डीनला बक्षीस देण्यात आले. पाचशे डॉलर रोख, नाहीतर कंपनीत आजन्म नोकरी, यांपैकी एक त्याने निवडावयाचे होते. डीनने नोकरी घेतली. पुढे १९३० च्या दशकात दुसऱ्या मोठ्या काचकंपनीने रूट कंपनी विकत घेतली आणि ती आजन्म नोकरी तेथेच संपली. नोकरदाराच्या नजरेने पाहिले तर त्याने शहाणपणाची निवड केली असेच म्हणावे लागेल. पाचशे डॉलर केव्हाच सरले असते. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर दोन्ही पर्याय अपुरे होते, कारण विक्रीतील हिस्सा हा तिसरा पर्याय टेबलावर आलाच नव्हता. आजही छोट्या पेढ्या ओळखीतल्या एखाद्या होतकरू मुलाकडून बाटलीचे वा पुड्याचे रेखाटन करून घेतात आणि हातात पाकीट ठेवतात. दोन ओळींचा लेखी करार, त्यात रेखाटनाचा हक्क कोणाचा याचा उल्लेख आणि जमल्यास पहिल्या काही वर्षांच्या विक्रीवर अल्पसा मोबदला, एवढे केले तर पुढची कटुता टळते. या बाटलीचे श्रेय आजही कित्येक जण रेमंड लोवी या नामांकित आरेखकाला देतात. त्याचा संबंध आला तो त्यानंतर चार दशकांनी, मोठ्या मापाच्या बाटल्या काढताना. डीनला ओळखणारे कमीच.

आकार सुचतो कोठून, याला काही नियम नाही. फ्रान्समधील पेरिए या खनिज पाण्याची हिरवी बाटली सेंट जॉन हार्म्सवर्थ या इंग्रज मालकाने ठरविली. मोटार अपघातात जायबंदी झाल्यावर तो व्यायामासाठी मुद्गल फिरवीत असे आणि त्याच मुद्गलावरून त्याला बाटलीचा घाट सुचला, असे सांगितले जाते. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीतील मंडळींनी ती बाटली उलटी धरून पाहावी.

आकार घडविल्यावर तो राखावा लागतो आणि येथे कायद्याचा प्रवास वळणावळणाचा आहे. कोका-कोलाच्या बाटलीला अमेरिकेत १९६० साली व्यापारचिन्ह म्हणून मान्यता मिळाली. तीच बाटली घेऊन कंपनी इंग्लंडमध्ये गेली तेव्हा तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ साली नोंदणी नाकारली : बाटली हे भांडे आहे, चिन्ह नव्हे. चारच वर्षांनी त्याच न्यायपीठापुढे एक प्लॅस्टिकचे लिंबू आले. रेकिट अँड कोलमन ही कंपनी १९५६ पासून ‘जिफ’ नावाने लिंबाचा रस पिवळ्या, लिंबाच्याच आकाराच्या पिळता येणाऱ्या बाटलीत विकत होती. बोर्डन या अमेरिकी कंपनीने तशाच लिंबात आपला रस आणला. चिठ्ठीवर नाव वेगळे होते. पण पुराव्यात दिसले की गृहिणी चिठ्ठी वाचतच नाहीत, लिंबू दिसले की उचलतात. १९९० मध्ये निकाल जिफच्या बाजूने लागला. लॉर्ड ब्रिज यांनी मात्र नाइलाजाने सहमती दिली. निसर्गाने सर्वांना दिलेल्या लिंबाच्या आकारावर एकाच कंपनीची मक्तेदारी व्हावी, हे त्यांना रुचले नव्हते. ही हळहळ योग्यच होती. तरीही पस्तीस-एक वर्षे एकाने नांगरलेल्या शेतात दुसऱ्याने येऊन कापणी करावी, हेही न्यायाचे नव्हते.

भारतात व्यापारचिन्ह कायदा, १९९९ ने चिन्हाच्या व्याख्येत मालाचा आकार व वेष्टन यांचा समावेश केला. मात्र जो आकार मालाच्या स्वरूपातूनच येतो किंवा एखादे तांत्रिक कार्य साधण्यासाठी जो आवश्यकच आहे, त्याची चिन्ह म्हणून नोंदणी होत नाही. दुसरा मार्ग डिझाइन कायदा, २००० चा. त्याखाली नोंदलेल्या आकाराला १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आकार नवा असला पाहिजे, म्हणजे अर्ज करण्यापूर्वी तो लोकांपुढे आलेला नसावा. आपल्याकडील रीत उलटी असते. दिवाळीच्या मुहूर्तावर माल बाजारात येतो, भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे सगळ्या नातेवाइकांत फिरतात, विक्री जमली तर ‘आता नोंदणी करून घेऊ’ असे ठरते. आणि तोवर नोंदणीचा हक्क संपलेला असतो.

आतापर्यंतच्या आकारांमागे कोणाची तरी खरीखुरी अडचण होती : दुकानदाराची, वाहतुकीची, नकलेने गांजलेल्या मालकाची. परंतु याच विद्येचा दुसराही उपयोग होतो आणि तो दडविण्यात अर्थ नाही. मलमाच्या डबीला दुहेरी भिंत असते, बाहेरची ऐसपैस आणि आतली वाटी इवलीशी. अत्तराच्या बाटलीच्या बुडाला बोटभर काच असते. बरणीचे बूड आत घुमटासारखे उचललेले असते. यांपैकी काहींना कारण असते. बटाट्याच्या वेफरच्या पिशवीत भरलेला नायट्रोजन वायू वेफर मोडू देत नाही व खवट होऊ देत नाही. पण किती हवा वेफरसाठी आणि किती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी, हे भरणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

डोळा फसतो कसा, याचे गणित सोपे आहे. लहान मुलाला बुटक्या पेल्यातले दूध त्याच्यासमोर उंच निमुळत्या पेल्यात ओतून दाखविले, तर ते ‘आता जास्त झाले’ म्हणते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग प्रसिद्धच आहे. मोठी माणसे तितकी भोळी नसतात, पण फार दूरही नसतात. एखाद्या गोल बाटलीची उंची तीच ठेवून व्यास फक्त ५ टक्क्यांनी कमी केला, तर आतली जागा जवळजवळ १० टक्क्यांनी घटते. पाच टक्क्यांचा फरक फळीवर कोणाच्या ध्यानात येत नाही. पाच-दहा रुपयांचे पुडे विकणाऱ्यांनी किंमत न वाढविता वजन उतरविण्याची रीत रुळविली आहे, ती याच भरवशावर. यात बेकायदा काही नसते, निव्वळ वजन छापलेले असते, आणि आता एका ग्रॅममागे वा मिलिलीटरमागे किती रुपये पडतात, हेही छापावे लागते. परंतु तराजूवर माप घालताना काटा गिऱ्हाइकाकडे किंचित झुकू देणाऱ्या ज्या पेढ्यांचे नाव तीन-तीन पिढ्या टिकले, त्यांच्या नातवांनी बरणीचे बूड उचलून घ्यावे, याचे वाईट वाटते. असली बरणी एकदा खपते. घरी झाकण उघडले की गृहिणी आतली वाटी पाहते आणि काही न बोलता पुढच्या महिन्यात दुसरी आणते. तक्रार येत नाही, म्हणून मालकाला कारणही कळत नाही.

वाण्याच्या दुकानातील कागदाची पुडी आठवून पाहावी. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा तळहातावर गुंडाळून शंकू करावयाचा, त्यात छटाकभर जिरे ओतावयाचे, वरची टोके आत मुडपून दोऱ्याचे दोन वेढे द्यावयाचे. जिरे जेवढे, पुडी तेवढी. रिकामी जागा ठेवण्याची सोयच तिच्यात नव्हती. गोटी सोड्याची बाटलीही तशीच निर्व्याज. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबानेच काचेची गोटी वरच्या रबरी कड्यावर दाबून बसते, म्हणजे मालच स्वतःचे बूच धरून ठेवतो. मानेला दोन चिमटे दिलेले असतात. पिताना गोटी त्यांत अडकते आणि पुन्हा तोंडाशी येत नाही. बाटली दुकानात परत द्यावयाची, ती धुऊन पुन्हा भरली जावयाची. गोटीच्या लोभाने मुले बाटल्या फोडीत, हा एवढाच तिचा दोष.

काच पुन्हा भरून वापरावी, हा विचार मनात धरूनच जपानमधील एक बाटली घडली. केंजी एकुआन यांचे वडील बौद्ध पुरोहित होते आणि घर हिरोशिमाला होते. अणुबाँबने बहिणीचा बळी घेतला, वडीलही वर्षभरात गेले. तरुण केंजी काही काळ भिक्षूचे शिक्षण घेत होते. पण राखेने भरलेल्या शहरात फिरताना माणसांच्या हाताळणीतल्या साध्या वस्तूंची उणीव त्यांना असह्य झाली आणि ते तोक्योच्या ललितकला विद्यापीठात आरेखन शिकावयास गेले. किक्कोमान कंपनीने त्यांच्या गटाकडे सोया सॉसच्या बाटलीचे काम सोपविले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आई होती. सॉस मोठ्या १.८ लिटरच्या बाटलीतून येई. ती जड बाटली उचलून आई जेवणाच्या वेळी छोट्या भांड्यात सॉस ओतीत असे.

काम तीन वर्षे चालले आणि शंभराहून अधिक नमुने झाले. सर्वांत हट्टी अडचण होती शेवटच्या थेंबाची. ओतून झाल्यावर थेंब तोटीच्या खालच्या कडेवरून मागे वळतो, अंगावरून ओघळतो आणि मेजावर काळा डाग पडतो. चहाच्या किटलीचेही तेच होते. एकुआन यांनी तोटीच्या टोकाची खालची कड आत तिरकी कापली. त्यामुळे ओतणे थांबताच थेंब तुटतो, ओघळत नाही. बूड रुंद ठेवले, म्हणजे बाटली सहज कलंडत नाही. मान बोटांत मावेल इतकी बारीक केली. काच पारदर्शक ठेवली, म्हणजे किती उरले ते कळते, आणि झाकण लाल. १९६१ मध्ये बाटली बाजारात आली. तिचा आकार आजही तोच आहे; २०१८ मध्ये जपानमध्ये त्या आकाराला त्रिमितीय व्यापारचिन्ह म्हणून मान्यता मिळाली. एकुआन पुढे जपानच्या वेगवान रेल्वेगाडीचे आणि यामाहाच्या मोटारसायकलींचे आरेखक म्हणून नावारूपाला आले व २०१५ मध्ये वारले.

महाराष्ट्रातील बहुतेक स्वयंपाकघरांत तेलाच्या किटलीखाली आजही एक ताटली ठेवलेली असते. किटलीच्या अंगावरून तेल ओघळते, आणि ती ताटली दर आठ-दहा दिवसांनी गरम पाण्याने घासावी लागते.